मागच्या खोलीचं छत

दारव्हा
१२ फेब्रुवारी २०२४

सत्यभामाबाई, जयभीम.

नाही, सिमेंट कमी नव्हतं. एक घमेलं सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी, असा माल माह्या डोळ्यासमोर कालवला, अन् घमेले मोजाले खुद्द जवाईले, तुह्या मालकाले, उभं केलतं. सळाखी नव्या होत्या, गंजक्या नाही. तुनं हे इचारलं नाही, मले मालूम हाय. पन पुसदची थे इंजिनेर पोट्टी येऊन हेच इचारन, म्हनून आधीच लिव्हून ठेवतो.

तुह्या पत्रातले दोन पानं त तिच्यावरच गेले. छत तपासते, हातोडी आनते, फोटो काढते, छापील कागद देते. मंग घेनारा घर घेते. हे कोनतं नवीन काढलं बाप्पा? म्या जलमभर लोकायचे घरं बांधले, कोनी म्हनलं नाही का उकंडा, थांब, आधी तपासू दे. अब्रार गॅरेजवाला बरा मानूस हाय, त्यानं एक बार पाह्यलं अन् पसंत केलं. तपासाचं खूळ त्याच्या बायकोचं, निलोफरबाईचं दिसते. शाळेत शिकवनाऱ्या बाया साऱ्या दुनियेचे पेपर तपासतेत.

तुह्या घरावर मातीचे कवेलू होते तवा दर जेठात, पावसाच्या आधी, म्या येऊन फेरून देत होतो. फुटके काढाचे, नवे बसवाचे, दोन दिवसाचं काम. मंग नव्व्यान्नव साली जवाई म्हनले, उकंडाभाऊ, आता स्लॅबच टाका. मिस्त्री म्हनून माहा पह्यला स्लॅब तुहाच. तुहा दीर काय बोलला थे तुले याद असनच. "कवेलू फेरनारा स्लॅब टाकून राह्यला, आता खाली झोपाचं का आंगनात?" सारे दात काढत होते. पंचवीस साल झाले. उभा हाय ना?

संग एक कागद पाठवून राह्यलो. त्याच्यावर लिव्हलं हाय का ढाणकीचा स्लॅब माह्या हातचा असून मजबूत हाय, घेनाऱ्यानं बिनधास्त घ्यावा. खाली माही सही हाय, अंगठा नाही. हा निलोफरबाईले दाखव अन् पोट्टीले येऊ नको म्हन.

फोन करू नको. पोरगा शाम त्याचा फोन माह्या कानाले लावते अन् मले नुसता भुंगा ऐकू येते. थो म्हनते मशीन घ्या कानाची. आता कानाचीबी तपासनी.

तुहा दादा
उकंडा



ढाणकी
२१ फेब्रुवारी

दादा, जयभीम.

तुहं पत्र भेटलं, आतला कागदही भेटला. मी मागितला नव्हता, पण तू पाठवला म्हणून निलोफरले दाखवला. तिनं दोनदा वाचला. मले म्हणे, "मौसी, मामांनी हे छत शेवटी कधी बघितलं?" मी म्हणलं, दादा दरसाल येते. हे काही खोटं नाही. दर हिवाळ्यात तू तुरीच्या शेंगा घेऊन येतंच. वर चढत नाही, हे मी सांगितलं नाही. तिनं कागद पर्समध्ये ठेवला आन् म्हणे, तपासणी तर करूच.

छत बरं आहे. पावसाळ्यात थोडी ओल येते, ती कोणाच्या घरात येत नाही? मी तिले म्हणलं, वर जायले शिडी नाही. लोखंडी शिडी मी मागच्या हप्त्यात शेजारच्या नंदाबाईले देऊन टाकली, तिले जांभळं काढायले लागते. तर निलोफर म्हणे, इंजिनिअर दीपा मॅडम आपली शिडी संगच आणते, ऑटोवर बांधून.

दादा, मले हे घर आता होत नाही. मोरीत पडली तेव्हापासून हात वर जात नाही. कुलूप लावायले उजव्या हाताले डाव्यानं उचलून धरावं लागते. शीलानं अमरावतीले खोली रिकामी करून ठेवली. ती फोनवर बोलते तेव्हा आवाजात राग नसते, थकवा असते. "आई, अजून किती दिवस?" मी म्हणते, घर जाऊ दे, येते. अब्रारनं नाही म्हणलं तर दुसरं गिऱ्हाईक नाही. दोन साल झाले, कोणी पाहायलेही आलं नव्हतं.

तू मात्र येऊ नको. ऊन तापायले लागलं, आन् तुहा गुडघा. मी निभावून नेते.

तुही
सत्यभामा



दारव्हा
२८ फेब्रुवारी

सत्यभामाबाई, जयभीम.

येऊ नको? बहीन घर इकते अन् भावाले म्हनते येऊ नको. हे तुहं बोलनं नाही. शीलानं शिकवलं का? घर इकलं का मामा हिस्सा मांगन म्हनून? मले तुह्या घरातली एक इट नको. शीलाले सांगजो.

अन् शिडी कायले दिली? जांभळं फेब्रुवारीत येतेत का? तू माह्या कामाले भिऊन राह्यली असं दिसते. चढू दे त्या पोट्टीले. छत पाहाले पुसद लागत नाही, तुले सांगतो. वरवंटा घे, खालून हलका ठोक. ठन्न वाजलं का पक्कं. भद्द वाजलं का आत पोकळ. बस, एवढंच हाय त्याच्यात. बाकी सारी टोपी अन् बूट.

फक्त मागच्या खोलीत तिले जास्त ठोकू देऊ नको. तिकडलं प्लास्टर जुनं हाय. समोरच्या दोन खोल्या दाखव, मंग चहा पाज, मंग टाइम झाला म्हन.

तपासनी झाल्याबरोबर लिव्ह. चार पानं नको, काय म्हनलं थेवढंच.

उकंडा



ढाणकी
११ मार्च

दादा, जयभीम.

शीलानं काही शिकवलं नाही. हिस्स्याचं तू लिहिलं ते मी शीलाले वाचून दाखवणार नाही. तुनंही पुन्हा लिहू नको.

शनिवारी ती आली. बारीकशी पोरगी आहे, डोक्यावर पिवळी टोपी. शिडी लावली आन् सरसर वर गेली. बराच वेळ खाली आली नाही. अब्रार खालून ओरडला, "मॅडम, छत देखने गए के हवा खाने?" वर काय पाह्यलं ते तिलेच माहीत. मी म्हणलं कचरा असेल, कित्येक दिवसांत झाडलं नाही.

खाली आली, समोरच्या दोन खोल्या ठोकल्या. तू म्हणतं तसं ठण्ण वाजलं. मी चहा ठेवला. टाइम झाला म्हणायच्या आत ती मागच्या खोलीत गेलती. पहिल्या ठोक्याले आवाज वेगळा आला. दुसऱ्या ठोक्याले अब्रारनं तिले बॅगेचा पट्टा धरून मागं ओढली, आन् परातीएवढा पोपडा खाली आला. जिथं माही खाट होती तिथंच. दोन सालापासून मी खाट समोर आणली म्हणून बरं.

आत सळाखी दिसल्या. लाल. कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटलेले. अब्रार मले म्हणे, "मौसी, यहाँ अम्मी का पलंग डालने वाले थे." त्याची आई हुस्नाबी, तिले दोन कदम चालता येत नाही. रागावला नाही तो. रागावला असता तर बरं झालं असतं.

दीपानं तिथंच लिहून दिलं, या खोलीत कोणी झोपू नये, बसू नये. समोरच्या खोल्या चालतील. मागच्या छतावर जास्तीचा लोड आहे, असं काही बोलली. अब्रार म्हणे सोडून देऊ. निलोफर म्हणे थांब.

आता बहुतेक विकलं जात नाही. शीलाले मी अजून कळवलं नाही.

दादा, यात तुही काही चूक नाही. मनाले लावून घेऊ नको.

सत्यभामा



दारव्हा
१८ मार्च

सत्यभामाबाई,

माही चूक नाही हे तुले कोनं इचारलं? म्या इचारलं का? न इचारता मानूस असं लिव्हते म्हनजे त्याच्या मनात थेच असते.

लोड कायचा? वर पान्याची टाकी नाही, वर खोली नाही. हवेचा लोड हाय का? त्या पोट्टीले म्हना, पंचवीस सालात मानूसबी गंजते. माहा गुडघा ठोकून पाह्य म्हना, भद्दच वाजन.

थो छापील कागद मले पाहिजे. मोबाइलवर नको, कागदच पाठव. अन् वर काय होतं थे सरळ लिव्ह. तू लहान होती तवापासून लपवाले लागली का अर्धंच बोलतं.

उकंडा



ढाणकी
२५ मार्च

मामा, आदाब.

मी निलोफर, अब्रारची बायको. मौसींनी सांगितलं तुम्हाला तपासणीचा कागद हवा आहे. त्यांनी तो पाठवला नसता, म्हणून मीच झेरॉक्स काढून पाठवते. तिसऱ्या पानावर वरचा फोटो आहे, तो बघा. मागच्या खोलीच्या छतावर पांढरी माती आहे. दीपा मॅडमनी मोजली, कडेला एक वीत, मधे त्याहून जास्त. पाणी जायचा पन्हाळ तिच्यात बुजला आहे. मौसींना मी विचारलं तर त्या म्हणाल्या, वाऱ्यानं आली असेल. मी पुढे विचारलं नाही. त्या माझ्या आईच्या वयाच्या आहेत.

तुम्हाला मात्र एक विचारते. तुम्ही तो सहीचा कागद लिहिला, तेव्हा छत बघितलं होतं का?

मी भांडायला लिहीत नाही मामा. आम्हाला घर हवं आहे. भाड्याच्या खोलीत अम्मीला बाथरूमपर्यंत उचलून न्यावं लागतं, आणि अब्रारची कंबर गेली आहे. मौसींचं घर सपाट आहे, एक पायरी नाही. पण तुमच्या सहीवर विसंबून अम्मीला मी त्या खोलीत झोपवणार होते. अब्रार तर म्हणत होता, मिस्त्रीनं लिहून दिलं, आता मॅडमला कशाला पैसे द्यायचे.

जवाब पाठवा.

निलोफर



ढाणकी
६ एप्रिल

दादा, जयभीम.

तू आला तेव्हा बोलला नाही, म्हणून लिहून राह्यली.

बुधवारी दुपारी जीप थांबली आन् तू उतरला, मले वाटलं दुसरंच कोणी आहे. एवढा वाकला तू. पाणी दिलं, पेला तसाच खाली ठेवला आन् सरळ नंदाबाईच्या अंगणात गेला. तिनं विचारलं, "काय मामा, शिडी कायले?" तुनं सांगितलं, "जांभळं काढाचे हायेत." एप्रिलच्या उन्हात एकट्यानं शिडी ओढत आणली. मी धरू लागली तर म्हणे, सर बाजूले.

मी खाली उभी होती. तू एकेका पायरीले दोन्ही पाय टेकवत वर गेला. मग काहीच आवाज नाही. मी दोनदा हाक मारली, तुले ऐकू येत नाही हे इसरूनच गेली. खाली आला तेव्हा दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे होते. हातही न धुता गॅरेजवर गेला. निलोफर सांगत होती, "मामांनी हात पुढं केला आणि एवढंच म्हणाले, माहा कागद दे." तिनं दिला, तुनं तिथंच फाडला. तुकडे खिशात टाकले. चून-भाकर झाकून ठेवली होती मी. तू तिकडूनच जीपमध्ये बसून गेला.

तर आता ऐक. वाऱ्यानं नाही आली माती.

पहिल्याच पावसाळ्यात मागची खोली गळली. पन्हाळीच्या कोपऱ्यातून, धार नाही, थेंब थेंब. सासू म्हणे, "अवो, माहा जलम धाब्याच्या, मातीच्या छताच्या घरात गेला. पांढरी टाक, पाणी तिथंच अडते." तिच्या माहेरी दरसाल पावसाच्या आधी धाब्यावर पांढरी माती टाकत, तुले माहीतच आहे. गावाबाहेरच्या पांढरीतून दोन टोपले आणले आन् कोपऱ्यात दाबले. आन् दादा, थांबलं ना पाणी. त्या साली खरंच थांबलं. पुढच्या साली दुसरीकडून आलं, मग तिथं टाकली. मग सवयच लागली. सासू गेली, तुहे जवाई गेले, तरी मी दर मे महिन्यात टाकत राह्यली. मागच्या सालापर्यंत. तू यायचा हिवाळ्यात, तेव्हा सारं कोरडं राहे. तू वर पाहे नाही, मी दाखवे नाही.

तुले बोलावलं असतं तर तू सारं सोडून आला असता, हे माहीत होतं मले. पण माहा दीर टपूनच बसला होता. "पाह्यलं, कवेलूवाल्याचा स्लॅब गळला," हे त्यानं बाजारभर केलं असतं. त्याच साली तुले दिग्रसच्या दोन घरांचं काम भेटलं होतं. पहिलाच स्लॅब गळला म्हणल्यावर तुले कोणी दुसरा टाकू दिला असता का? चार लेकरं होते तुहे. म्हणून मी गप्प राह्यली. मले वाटलं, माती तर आहे.

आता खोटं बोलायची ताकद नाही राह्यली. तू मिस्त्री आहे, हातानं चाचपून आला. खरं सांग. ते छत मीच मारलं ना?

सत्यभामा



दारव्हा
१२ एप्रिल

निलोफरबाई, आदाब.

तुनं एकच इचारलं, म्याबी सरळ सांगतो. नाही. नव्हतं पाह्यलं. पंचवीस सालात वर गेलो नव्हतो. सही केली थे चूक केली. तुही सासू त्या खोलीत झोपली असती, त म्या तोंड कुठं दाखवलं असतं मालूम नाही.

काहून गेलो नाही थेबी सांगतो, घरात कोनाले बोललो नाही. स्लॅबच्या खालचं सेंटरिंग एकवीस दिवस ठेवाचं राह्यते. फळ्या अन् टेकूच्या बल्ल्या देवीलालच्या होत्या, भाड्याच्या. त्याले दुसऱ्या कामावर पाहिजे होत्या. अकराव्या दिवशी त्याचा ट्रॅक्टर दारात. म्या नवाच मिस्त्री, पुढंबी त्याच्याकडूनच फळ्या घ्याच्या होत्या, नाही म्हनाची हिंमत झाली नाही. समोरचं बरोबर राह्यलं. मागच्या खोलीत बल्ली काढली अन् स्लॅब मधात बोटभर खाली बसला. म्या खालून जाड प्लास्टर मारून सपाट करून टाकलं. जवाईले दिसलं नाही, बहिनीलेबी नाही. तवापासून म्या त्या खोलीत झोपलो नाही. समोर हवा लागते म्हनून सांगत होतो.

आता तू माहं एक काम कर. त्या दीपा मॅडमले हे सारं वाचून दाखव अन् इचार, छत कायनं गेलं, सेंटरिंगनं का मातीनं. तिच्या कागदात लोड लिव्हला हाय, पन तिले सेंटरिंगचं मालूम नव्हतं. मिस्त्री म्हनून मले वाटते थे माह्याच बाजूचं वाटते, म्हनून दुसऱ्याले इचारतो. जे असन थे मले कळव. माह्या बहिनीले नाही.

उकंडा



ढाणकी
२२ एप्रिल

मामा, आदाब.

दीपा मॅडम रविवारी परत आल्या. तुमचं पत्र त्यांनी स्वतः वाचलं. मग दोन मजूर लावून वरची माती काढली. ट्रॉलीभर निघाली. खाली छत एखाद्या ओल्या पोत्यासारखं झालं होतं. त्या सगळीकडे दोरी लावून मोजत होत्या.

त्या म्हणाल्या, छत मधे बसलं तो झोल बोटभरच आहे. सेंटरिंग लवकर काढलं ते चूकच, पण त्या झोलानं हे छत पडत नाही. असं छत आणखी तीस-चाळीस वर्षं सहज उभं राहिलं असतं. सगळ्यात आधी गळलं असेल ते पन्हाळीजवळच्या एका भेगेतून. तीसुद्धा केसासारखी आहे, अजून दिसते. तेव्हाच भरली असती तर एका घमेल्याचं काम होतं. मातीनं वजनही दिलं आणि पाणीही धरून ठेवलं. पावसाळा संपला तरी छत आतून ओलंच राहायचं, त्यानं सळाखी खाल्ल्या.

मग त्यांनी मला विचारलं, "गळायला लागलं तेव्हाच मिस्त्रीला कुणी बोलावलं नाही का?"

हे सगळं मी फक्त तुम्हालाच लिहिते आहे. माती काढली तेव्हा मौसी घरात दार लावून बसल्या होत्या. मजुरांना चहा द्यायलाही बाहेर आल्या नाहीत. रोज मला विचारतात, मॅडम काय म्हणाली? मी सांगते, कागद यायचा आहे. त्या जेवत नाहीत नीट. मामा, तुम्ही काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, मी तसंच म्हणेन.

घर आम्ही घेतो. अब्रार तयार झाला. मागची खोली पाडून तिथं पत्रे टाकू, अम्मीला समोरच्या खोलीत ठेवू. पाडायला मे महिन्याच्या दहा तारखेला लोक येणार आहेत. त्याआधी मौसींना अमरावतीला पोहोचवा. ते बघत त्यांनी इथं बसू नये, असं मला वाटतं.

निलोफर



दारव्हा
३० एप्रिल

सत्यभामाबाई, जयभीम.

घर इकल्या गेलं. निलोफरबाईचं पत्र आलं. शीलाले आजच फोन कर अन् पाच तारखेच्या आत बोलाव. दोन पेट्या ने, बाकी भांडे वाटून टाक. अमरावतीच्या खोलीत तुहा पसारा मावनार नाही अन् शीला तोंडानं बोलनार नाही. मागच्या खोलीत पाय टाकू नको. तिथं काही राह्यलं असन त राहू दे. चाबी निलोफरच्या हातात दे, अब्रारच्या नको, थो ग्रीसच्या डब्यात टाकन. हात दाखव अमरावतीले, चांगल्या डॉक्टरले, मालिशवाल्याले नाही.

आता तुनं इचारलं त्याचं. तुनं नाही मारलं. म्या मारलं.

सेंटरिंग एकवीस दिवस ठेवाचं होतं, म्या अकराव्या दिवशी देवीलालले देऊन टाकलं. स्लॅब बसला. म्या प्लास्टरखाली दाबून टाकला अन् मूग गिळून राह्यलो. थो स्लॅब त्याच दिवशी मेला होता, फक्त पडाचा राह्यला होता. तुह्या मातीचं म्हनशीन त मातीनं उलट धरून ठेवला. माती नसती त पह्यल्या दहा सालातच खाली आला असता, अन् तवा त्या खोलीत तुही सासू झोपत होती. हे मिस्त्री म्हनून सांगून राह्यलो.

छापील कागदात लोड-फोड लिव्हलं हाय, थे बँकेसाठी लिव्हा लागते. त्या पोट्टीचं वय केवढं? तिनं कधी घमेलं उचललं का? निलोफरले इचारू नको, थे शाळेतली बाई हाय, तिले छतातलं काय कळते. नंदाबाईले त बिलकूल नाही.

तुह्या दिराचं अन् दिग्रसच्या कामाचं तुनं लिव्हलं, थे म्या वाचलं. दोनदा वाचलं. त्यावर काय लिव्हाचं थे मले जमत नाही. पंचवीस साल म्या तुह्या दारात येत होतो, चहा पेत होतो, साऱ्या गावाची खबर घेत होतो, अन् एक बार म्हनलं नाही का बाई, छत गळते का? मिस्त्री असून. दुसऱ्याच्या घरी गेलो का पह्यले वर पाहो. तुह्या घरी खाली पाहून बसत होतो. थे तुह्यावर नाही, माह्यावर हाय.

जेव. निलोफर म्हनते तू जेवत नाही. पोपडा पडला त प्लास्टरचा पडला, तुह्या पोटावर नाही.

तू आता उलटून लिव्हशीन का नाही दादा, मातीनंच गेलं, तू मले बरं वाटावं म्हनून म्हनून राह्यला. लिव्हू नको. अमरावतीहून पत्र टाक, शीलाचं लिव्ह, हाताचं लिव्ह, तिथल्या पान्याचं लिव्ह, साऱ्याचा जबाब देईन. छताचं लिव्हलं त देनार नाही. फोनवर इचारलं त मले ऐकू येत नाही. समोर इचारलं तरी नाही. मले जे सांगाचं होतं थे सांगून झालं, याच्यावर आता म्या एक शब्द बोलनार नाही.

उकंडा